माईंच्या घरात उरलेल्या

१४ नोव्हेंबर २०१०, रविवार

विश्वस्तांची बैठक. चहा देऊन निघाले होते, तर गुप्ते सर म्हणाले, "सुनंदाताई, आज तुम्हीही बसा." सर अध्यक्ष झाल्यापासून मला कधी बसा म्हणाले नव्हते.

घराचं स्मारक होणार. सरकारी मदत मंजूर. माईंनी हे घर टाकलेल्या बायकांसाठी उघडलं त्याला पुढल्या वर्षी शंभर वर्षं होतील, तोवर सगळं मूळ रूपात आणायचं. माईंची खोली, शिवणवर्ग, बाळंतिणीची खोली, स्वैपाकघर. शाळांच्या सहली येतील. अट एकच. वास्तूत कुणी राहायचं नाही.

टाळ्या झाल्या. मीसुद्धा वाजवल्या. हात आपोआप उठले.

मग विचारलं, "आणि बायका?"

"तुम्ही आहात ना," सर म्हणाले. "तुमचं ऐकतील त्या. जानेवारीअखेर घर रिकामं करून ठेकेदाराला द्यायचंय."

पुढे आणखी बरंच बोलले. ऐकू आलं नाही.

१५ नोव्हें.

सांगितलं नाही. तिघींना पुरेसं पिठलं केलं, वाढलं. कुसुमताईंना भरवावं लागलं, आज घास गिळायचाच विसरत होत्या. चांगुणाबाई ओरडली, "गिल गो बाय, गिल!" शालन हसत होती. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून जुनी सायकल मिळवलीय तिनं, मागच्या अंगणात शिकायचीय. मला म्हणते, ताई, तुमी मागून सीट धरा.

कसं सांगायचं?

१६ नोव्हें.

सांगितलं.

शालन निवडत होती ते तांदूळ निवडत राहिली. निवडून झालेल्या ढिगात पुन्हा खडे शोधायला लागली.

कुसुमताईंना समजलं नाही. बरंच आहे.

चांगुणाबाई मात्र पेटली. "आमी काय उंदीर हाव, घर साफ करताना हाकलायला? मी नाय जायाची. मना गव्हानला कोन हाय? दोन पोरगे हायेत, त्यांनीच तर आनून घातली हितं. म्हनले, आये, आठ दिस रहा. त्याला झाली का नाय ग सात वर्सं?"

मग तिची ती गोष्ट. माईंनी घर उघडलं तेव्हा पनवेलातल्या एकाही दुकानदाराने धान्य दिलं नाही, विधवांची लग्नं लावते म्हणून दारावर शेण मारायचे, तेव्हा कोळणींनी खाडीतून होडीने तांदूळ आणून पोचवले. त्यात चां.बाईच्या सासूची सासू होती. "म्हंजे घर आमचं बी हाय." हे खरं की तिने रचलेलं, कोण जाणे. दर वेळी होडी मोठी होते.

२१ नोव्हें.

नवीन प्रवेश तीन वर्षांपासून बंद का केले होते, ते आज नीट कळतंय. तीस बायकांचं घर. दुरुस्ती व्हायचीय म्हणत होते. मी प्रत्येक आलेल्या बाईला फाटकातूनच ठाण्याच्या नाहीतर मुंबईच्या आश्रमाचा पत्ता देत होते. गेल्या वैशाखात एक बाई भर दुपारी फाटकाला धरून उभी होती, नुसती उभी. तिला पाणी दिलं आणि उरण नाक्यावरून कुठली गाडी मिळेल ते सांगितलं.

२५ नोव्हें.

फोन, फोन. सरांनी सांगितलंय, नातेवाइकांना कळवा.

चां.बाईचा थोरला: "आमच्याकडे जागा नाय ताई, घर बांधायचं चाललंय." धाकट्याने उचललाच नाही.

कुसुमताईंचा पुतण्या, अलिबागला असतो. चांगला बोलला. "काकू जिवंत आहे?" असं मात्र विचारलं.

शालनच्या घरी लावला नाही. तिचं माहेर म्हणजे एक भाऊ, आणि भावानेच दोनदा परत नेऊन घातलं होतं नवऱ्याकडे. सरांना तसं सांगितलं तर म्हणाले, "बघा, समजुतीने घ्या. नवरा-बायकोचं असतं." सरांनी हे म्हणावं. सर माईंवर भाषण करतात तेव्हा खरोखर डोळ्यांतून पाणी येतं त्यांच्या. नाटक नव्हे. मी जवळून बघितलंय.

३० नोव्हें.

शालन चक्क चार हात सरळ गेली. मी सीट कधीच सोडली होती. तिला कळल्यावर किंचाळली आणि तुळशीवृंदावनावर जाऊन आदळली. गुडघा फुटला. तशीच बसून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पहिल्यांदा आली तेव्हा हिच्या मानेवर चटका दिल्याची जखम होती, ओली होती अजून. मूल होत नाही म्हणून. डोकं वर करायची नाही. आज तोंड उघडून हसत होती ही मुलगी.

२ डिसेंबर

सरांनी बोलावलं. पेढे होते टेबलावर, कुणाच्या तरी नातवाचे.

"तुम्हाला संस्था सोडणार नाही, सुनंदाताई. स्मारकाच्या मार्गदर्शिका तुम्ही. तुमच्याएवढं हे घर कुणाला माहीत आहे? मागची खोली तुमची. कर्मचारी म्हणून राहाल, त्याला अट आड येत नाही."

पेढा तोंडात होता. थँक्यू म्हणाले.

रस्ताभर हलकं वाटत होतं. हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मानणार नाही. वडाळे तलावाच्या कठड्याशी थांबून चक्क शेंगदाणे खाल्ले. त्रेपन्नावं सरतंय, ठाण्याच्या भावाकडे जायचं म्हणजे वहिनीच्या स्वैपाकघरात कोपऱ्यात... ते टळलं.

घरी आले तर चां.बाईने माझ्या वाट्याची भाकरी झाकून ठेवली होती. "सायबानं काय बोलावलं?" काही नाही म्हटलं, असंच.

५ डिसें.

पेपरात बातमी आली. "ऐतिहासिक महिलाश्रमाचे होणार स्मारक." घराचा फोटो सुंदर आलाय. व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाठमोरी कुसुमताई आहे, कुणाला दिसणार नाही.

६ डिसें.

बातमीने घात केला. संतोष आला. शालनचा नवरा. ट्रेलर चालवतो, द्रोणागिरीच्या गोदामांवर खेपा असतात. ट्रेलर बाहेर आडवा लावून फाटकाशी उभा. इस्त्रीचा शर्ट. हातात मिठाईचा पुडा.

"ताई, बंद होतंय ना हे? मंग तिला घेऊन जातो. भांडायला नाय आलो."

मी म्हटलं, ती येणार नाही.

"आज नाय. जानेवारीनंतर जाणार कुठं?" हसला. पुडा फाटकाच्या टोकाला अडकवून गेला.

शालन माजघरात भिंतीला पाठ लावून बसली होती. चां.बाईने पुडा उचलून गटारात फेकला.

११ डिसें., शनिवार

एस्तेरबाईंकडे गेले. विश्वस्तांत एवढंच एक माणूस माझं ऐकून घेईल. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता ऐंशीच्या घरात. नोव्हेंबरच्या बैठकीला आल्या नव्हत्या, तब्येत बरी नव्हती. दार त्यांनीच उघडलं. "सुनंदा, आज शनिवार, आमचा शब्बाथ. आज मी व्यवहाराचं काही बोलत नाही. उद्या ये. खाऊन मात्र जा." शिऱ्यासारखं काहीतरी, नारळाच्या दुधातलं. घरभर खोकी. मुलाकडे इस्राएलला चालल्यात, कायमच्या. हे मला माहीत नव्हतं.

१२ डिसें.

परत गेले. सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला सांगितलं होतं की बायकांची चांगल्या ठिकाणी सोय झालीये. मी तर पत्रावर सहीसुद्धा करून पाठवली."

त्यांची आजी माईंच्या घरातली पहिली नर्स. बाळंतिणीच्या खोलीत जन्मलेल्या पोरांना नाव ठेवायला कुणी आत्या-मामा येत नसत. आजी स्वतः पाळण्याशी उभी राहून नावं ठेवायची. पुढे जातीतल्या लोकांनीही विचारलं तिला, बाई, असल्या ठिकाणी का जाता? तर म्हणाली होती, तिथं मला हाक मारतात म्हणून.

"दोन जानेवारीला बैठक आहे ना? मी येते. बोलते. तिकीट वीस तारखेचं आहे."

परतताना पाय जमिनीवर नव्हते. शालनला सांगितलं. चां.बाई म्हणाली, "म्हातारी एकटी, बाकीचे सात. मोज."

नको मोजायला.

१६ डिसें.

आर्किटेक्ट आला, सोबत मूर्तिकार. तरुण आहेत दोघं, नम्र. चपला बाहेर काढून आले. टेपने सगळं घर मोजलं. स्वैपाकघरात गॅस आहे तो जाणार, चूल येणार. "घर जिवंत वाटलं पाहिजे, मॅडम." म्हणून पुतळे. प्रत्येक खोलीत. विधवा दळते आहे, विधवा अक्षरं गिरवते आहे, एक बाळंतीण, एक नर्स. फायबरचे, पण अगदी खऱ्यासारखे. अंगावर खरी लुगडी.

मूर्तिकाराला जात्यावर बसलेल्या बाईचे फोटो हवे होते, बसायची पद्धत कळावी म्हणून. चां.बाई बसली. खूश झाली होती, पदर नीट केला, ओवीसुद्धा म्हटली. याने चहूबाजूंनी फोटो काढले. हात असा, मान अशी. छान, आजी, छान.

फोटो झाल्यावर तिने विचारलं, "हे कशाला?"

त्याने सांगितलं. इथे तुमच्यासारखा पुतळा बसेल.

चां.बाई जात्यावरून उठली नाही. त्याच्याकडे बघत म्हणाली, "मंग मनाच ठेव ना, पुतल्याच्या जागी. मी हालनार नाय. कोन आला तर बोलनार पन नाय."

तो हसला, विनोद समजून. मग थांबला. आर्किटेक्टने टेप गुंडाळली.

मी आत गेले. नळ सोडून उभी राहिले.

२० डिसें.

स्वैपाकीणबाईंना सुट्टी दिली संस्थेने. आता आपलं आपण. हरकत नाही, एरवीही चां.बाई तिला हात लावू देत नसे.

सरांनी मार्गदर्शिकेसाठी मजकूर पाठवलाय, पाठ करायला. "या दारातून आलेली एकही स्त्री कधी परत पाठवली गेली नाही." दोनदा वाचलं. फाटकाला धरून उभी असलेली ती वैशाखातली बाई. तिसऱ्यांदा नाही वाचता आलं.

२१ डिसें.

चां.बाईला कळलं. मजकुराचा कागद नव्हे, शिपायाने सांगितलं की ताई राहणार आहेत, मागची खोली त्यांना. भांडेल असं वाटलं. भांडली असती तर बरं होतं.

"ऱ्हा ना," म्हणाली. "एक तरी ऱ्हायली पायजेल आमच्यातली."

आमच्यातली. मी इथे आले ती रोह्याकडून. सासरच्यांनी एस.टी.त बसवून दिलं, पनवेलला उतर, भाऊ घ्यायला येईल. भाऊ आला नाही. त्याला कुणी कळवलंच नव्हतं, असं तो अजून म्हणतो. अंधार पडायला लागला तसं कंडक्टरनेच इथे आणून सोडलं. माई तेव्हा नव्हत्या, जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हाच्या अधीक्षिका आक्का होत्या. त्यांनी नाव विचारलं नाही, आधी विचारलं, जेवलीस का.

इतकी वर्षं मी स्वतःला अधीक्षिका समजत आले. रजिस्टर माझ्याकडे, किल्ल्या माझ्याकडे. आणि ही म्हणते आमच्यातली.

२८ डिसें.

कुसुमताई गेली. पुतण्या गाडी घेऊन आला. नवी साडी नेसवली, वेणी घातली. मला विचारत होती, "शाळेत चालले का मी?" हो म्हटलं. गाडीत बसताना उतरून परत आली, चां.बाईच्या कमरेला मिठी मारली, नावच आठवेना तिला, नुसती "अगं, अगं" करत राहिली.

शालन गच्चीवर जाऊन बसली होती. निरोपाला खाली आली नाही.

२ जानेवारी २०११, रविवार

बैठक.

एस्तेरबाई आल्या. काठी टेकत, पांढरी साडी. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण दार पूर्ण लागत नाही ते.

त्या बोलल्या ते असं: तुम्हाला इथे चूल ठेवायची आहे, पाळणा ठेवायचा आहे, नर्स ठेवायची आहे, म्हणजे माझी आजी ठेवायची आहे. ठेवा. पण ती ज्या बाईसाठी येत होती ती आज आत जिवंत बसलीये, चोवीस वर्षांची आहे, आणि तिला तुम्ही बाहेर काढताय. माझ्या आजीला हे घर ओळखू येणार नाही. दोन खोल्या राहू द्या. बाकीचं करा स्मारक.

मग सर. हळू, आदराने. बाई, तुमच्या भावनांशी मी सहमत आहे. पण अट आपण घातलेली नाही. दोन खोल्यांसाठी सगळं हातचं जाईल, मग छप्पर कोसळलं तर ना स्मारक ना आश्रम. माईंचं काम टिकावं म्हणून तर सगळं.

हात वर झाले. माझ्या फटीतून तीन-चारच दिसले. पुरे होते तेवढे.

बाहेर येऊन एस्तेरबाईंनी माझ्या गालाला हात लावला. "हरले गं, सुनंदा." मी रिक्षा आणून दिली.

३ जाने.

शालनला काय सांगू? तिला विचारायची गरजच पडली नाही, माझं तोंड बघून कळलं.

तिच्यासाठी तीन आश्रमांना फोन केले. एकात जागा नाही. एक म्हणे कोर्टाचा कागद लागेल. तिसऱ्यात "बघू, महिनाभराने". मला मागची खोली मिळणार, तिथेच ठेवते तिला, असं सरांना विचारलं. "सुनंदाताई, अट. तपासायला येतात. तुमचीही जागा जाईल."

९ जाने., रविवार

शालन गेली.

मी बाजारातून आले तर घर गप्प. चां.बाई ओट्यावर. "घेऊन गेला. मी काठी घेतली तर पोरगी मनाच म्हनते, राहू द्या आजी." ओढून नाही नेलं. स्वतः चालत गेली. पिशवी स्वतः भरली. त्याने ट्रेलर नव्हता आणला, मोटरसायकल होती.

माझ्या उशीवर तिने शिवलेला ब्लाउज ठेवलाय, माझ्या मापाचा. चां.बाईजवळ निरोप: "ताईना सांगा, कुठं ना कुठं तर जायाचंच होतं."

ब्लाउज घालून बघितला. काखेत जरा घट्ट. बसून राहिले तशीच.

१५ जाने., संक्रांत

माईंच्या काळापासून इथे संक्रांतीला हळदीकुंकू, आणि कुंकू सगळ्यांना. नवऱ्याचं काय झालं हे न विचारता. सुरुवातीला गावातली एकही बाई यायची नाही म्हणतात, पुढे रांग लागायची. आम्ही दोघी उरलो तरी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणले. आल्या अकराबारा. जुन्या काही जणी, इथून लग्न होऊन गेलेल्या. एक जण उलव्याहून आली, नातवाला घेऊन. सगळ्या घरभर फिरून भिंतींना हात लावत होत्या. "खरंच बंद?" प्रत्येकीने विचारलं. उत्तर देऊन दमले.

चां.बाईच्या कपाळाला कुंकू लावताना तिने डोळे मिटले. माझ्या कपाळाला तिने लावलं, फारच मोठं. मुद्दाम.

एकजण म्हणाली, ताई, तुम्ही राहणार ना? तुम्ही असलात की माहेर असल्यासारखं.

१८ जाने.

बेलपाड्याला, शालनच्या सासरी, जाऊन आले. जुनं गाव आता मोठमोठ्या इमारतींच्या मध्ये अडकल्यासारखं झालंय, विचारत विचारत गेले. सासू दारात. आत ये म्हणाली नाही. "बरी हाय ती. झोपलीये."

सकाळी अकराला?

मी मोठ्याने हाक मारली, शालन! आतून आवाज आला, "बरी हाय ताई. जा तुमी." आवाज तिचाच, पण ओठ हलत नसल्यासारखा.

उंबऱ्याच्या आत पाय टाकायला हवा होता. सासूला बाजूला सारून. टाकला नाही. कुठल्या तोंडाने टाकू, ये म्हणून न्यायला माझ्याकडे घर कुठंय.

येताना रिक्षात रडू आवरेना. रिक्षावाल्याने रेडिओ लहान केला.

२० जाने.

एस्तेरबाई गेल्या. शेवटचं भेटायला गेले तर कुलूप. शेजारी म्हणाले, पहाटेच निघाल्या. दाराच्या चौकटीवर त्यांच्या प्रार्थनेची छोटी तिरकी पट्टी असायची, ती काढून नेलीये. तिथला रंग वेगळा दिसतो.

२२ जाने.

अलिबागला फोन केला. कुसुमताई कर्जतच्या पलीकडे कुठल्याशा वृद्धाश्रमात. पुतण्या म्हणाला, बायकोला झेपत नव्हतं. रागावणार कशाच्या जोरावर? मीच दिली ना गाडीत बसवून, शाळेत चाललीस म्हणून.

२४ जाने.

चां.बाईच्या थोरल्याने शेवटी निरोप धाडला: महिन्याच्या शेवटी येतो न्यायला, पडवीत झोपेल. चां.बाईने ऐकलं आणि बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "पडवी चांगली असती. वारा लागतो." असं मऊ ती कधी बोलत नाही. मला तेच सहन झालं नाही.

रात्री झोपताना वाटलं, सकाळी उठूच नये. वाटलं ते लिहिलं. उठले अर्थात. दूधवाला येतो.

२७ जाने., गुरुवार

शालन आली.

दुपार होती, धुणं वाळत घालत होते. फाटक वाजलं नाही, मागच्या भिंतीच्या खिंडारातून आली. चिखलाने माखलेली. डावा हात धरलेला, मनगट नको त्या बाजूला वळलेलं. एक डोळा मिटलेला. चप्पल नाही. बेलपाड्यापासून रेल्वेच्या कडेकडेने चालत आली, हायवेला तो असतो म्हणून.

मला बघून म्हणाली, "ताई, अजून हाय ना घर?"

चां.बाईने तिला मांडीवर घेतलं तान्ह्या पोरासारखं. शिव्या देत होती, कोणाकोणाला कोण जाणे.

सरकारी दवाखाना. हाड मोडलंय, प्लॅस्टर. डॉक्टर मुलगी होती, तरुण. म्हणाली पोलिसांत द्यायलाच हवं. शालन नको नको करत होती. मी म्हटलं, तू बस, मी सांगते, तू फक्त हो म्हण. पण तिथे गेल्यावर तिनेच सांगितलं, सगळं, मानेच्या चटक्यापासून. थांबलीच नाही. मी नुसती बाजूला.

लिहून घेणाऱ्या हवालदार बाई. "आता राहायला कुठे? पत्ता सांगा."

शालनने माझ्याकडे बघितलं.

मी माईंच्या घराचा पत्ता सांगितला.

"ते बंद झालं ना? पेपरात होतं."

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."

हे मी म्हटलं. मी. त्यांनी लिहून घेतलं, पुढचं विचारलं.

२८ जाने.

सरांना स्वतःच फोन केला. सांगितलं, शालन परत आलीये, ती राहील. चांगुणाबाई राहील. मला मार्गदर्शिका व्हायचं नाही. बोलताना भिंतीला टेकले होते.

सर मग म्हणाले, "तुम्ही संस्थेच्या विरोधात जाताय, सुनंदाताई. माईंच्या नावाच्या विरोधात."

उत्तर आत्ता सुचतंय, पण आता काय उपयोग.

"सोमवारी ठेकेदार येईल. मी स्वतः येईन," म्हणाले.

२९ जाने.

चां.बाईचा थोरला आला होता न्यायला. भला माणूस वाटला, ओशाळलेला. तिने त्याला जेवू घातलं, सुकटाची चटणी, भाकरी. हात धुताना त्याला म्हणाली, "जा तू. पडवीत तुझी कोंबडी ठेव." तो गेला. नंतर ती बराच वेळ मागच्या दाराशी उभी होती.

संक्रांतीला आलेल्यांपैकी तिघींना फोन केले, या म्हणून. एकीचा नवरा नको म्हणाला. एक येते म्हणाली. एकीने उचलला नाही.

३० जाने., रविवार

भीती वाटते. पोलीस आणतील का? संस्थेची जागा, माझा काय अधिकार? वकील कुणी ओळखीचा नाही. हवालदार बाईंचा नंबर घेतलाय, पण त्या संतोषच्या तक्रारीसाठी. यासाठी त्या काय करतील.

शालन म्हणाली, "माज्यामुलं तुमची खोली गेली." म्हटलं, खोली कुठली, ते जळणाचं कोठार होतं. हसली थोडीशी. ओठ फाटलाय, हसताना दुखतं.

तिघींनी मिळून घर झाडलं. सगळं. बाळंतिणीची खोलीसुद्धा. का, ते एकमेकींना विचारलं नाही.

३१ जाने., सोमवार

सकाळ. ठेकेदाराची माणसं लवकरच आली, पहारी, घमेली, बांबू. फाटकाला आतून कडी. मी पायरीवर बसले. मुकादमाला सांगितलं, आत बायका राहतात, काम सुरू करता येणार नाही. तो बरा माणूस. म्हणाला, "आमाला काय, साहेब सांगतील तसं." माणसं समोरच्या सावलीत बसलीत, विड्या ओढत.

येते म्हणाली होती ती खरंच आली. उलव्याची, नातवाला घरी ठेवून. तिच्यासोबत आणखी दोघी, मी ओळखत नाही त्यांना. एकीने डब्यातून उपमा आणलाय. व्हरांड्यात बसल्यात. काय बोलायचं असतं अशा वेळी कुणालाच माहीत नाही. एक विचारते, घोषणा द्यायच्या का? चां.बाई म्हणाली, आधी खावा.

शालनला म्हटलं, तू आत जाऊन पड. तो आला तर? म्हणाली, "नाय. हितंच बसते, तुमच्याजवल." बसलीये. प्लॅस्टरचा हात मांडीवर. मी लिहिते ते बघतेय, वाचत नाही.

सरांचा दोनदा फोन. घेतला नाही.

काय बोलायचं ते पुन्हा पुन्हा मनात घोकतेय आणि प्रत्येक वेळी पहिलंच वाक्य अडतं. सर, तुम्ही बसा आधी, असं म्हणीन. खुर्ची आणून ठेवलीये. मग म्हणीन की

फाटकाशी गाडी थांबली.